समुद्रावर काय काम आहे?

तसे पाहिले तर समुद्रावर कुणाचेच काही काम नसते. कोळ्यांचे असते, भेळवाल्यांचे असते आणि नुकताच प्रेमभंग झालेल्या कॉलेजकुमारांचे असते. पण तुमच्या-आमच्यासारखी चारचौघांतली माणसे रविवारी संध्याकाळी कुटुंबासह चौपाटीवर जातात तेव्हा तिथे नेमके काय करतात, याचा एकदा हिशेब मांडून पाहा. चपला हातात घेतात. विजारी पोटऱ्यांपर्यंत दुमडतात. घोटाभर पाण्यात उभे राहून मुलांना "पुढे जाऊ नकोस!" म्हणून ओरडतात. मुले पुढे जातात. मग पायाखालची वाळू सरकली की "अगं, बघ बघ, सरकली!" असे बायकोला सांगतात. ती बिचारी लग्नाआधीपासून तीच वाळू सरकताना पाहत आलेली असते. त्यानंतर सूर्य मावळतो, जो यांच्या देखरेखीशिवायही मावळलाच असता. शेवटी भेळ खाऊन आणि दुमडलेल्या विजारीत पावशेर वाळू भरून घेऊन मंडळी घरी परततात. जिन्यात शेजारी भेटतात.

"काय, कुठं दौरा?"

"चौपाटीवर."

"काही विशेष?"

"छे हो, सहज!"

हा 'सहज' फार मोलाचा शब्द आहे. आपल्या आयुष्यात सहज म्हणून जाण्याजोग्या जागा किती थोड्या आहेत! रेशनच्या दुकानात कुणी सहज जात नाही. सरकारी कचेरीत सहज म्हणून डोकावलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सासुरवाडीलादेखील सहज गेलो असे म्हटले तर घरात दोन दिवस चर्चा चालते. समुद्राचे तसे नाही. तिथे दारावर कुणी कामाचे स्वरूप विचारत नाही, चिठ्ठी पाठवावी लागत नाही, साहेब मीटिंगमध्ये नसतात. म्हणून तर दिवसभर कामाने पिळून निघालेला माणूस संध्याकाळी तिकडे वळतो.

मात्र काही माणसांना तिथेही कामाचे स्वरूप विचारले जाते. आमच्या थोरल्या आत्याला विचारले गेले.

आत्याने एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला. भरती-ओहोटी कशी येते हे फळ्यावर पृथ्वी, चंद्र आणि सूर्य असे तीन गोल काढून तिने इतक्या मुलींना समजावले की, गिरगावात तरी चंद्राचा मान तिच्यामुळेच टिकून होता. निवृत्त झाल्यावर ती रोज संध्याकाळी चौपाटीवर जाई आणि चंद्र ठरल्याप्रमाणे काम करतो आहे की नाही ते पाहून येई. पुढे पंचाहत्तरीनंतर गुडघ्यांनी कामबंद आंदोलन पुकारले, त्यातच एकदा मोरीत पाय घसरून खुबा मोडला, आणि आत्या चाकांच्या खुर्चीत आली.

खुर्ची आल्यावर आत्याचे हिंडणे थांबले असे मात्र म्हणता येणार नाही. तिला डॉक्टरकडे नेत. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत नेत. बँकेला छान उतरण केलेली होती. तिच्यावरून आत्या ऐटीत वर जाई, आपण जिवंत असल्याची सही करी आणि खाली येई. अशीच तिसऱ्या वर्षी सही करून आल्यावर ती म्हणाली, "जिवंत असल्याचं सिद्ध करायला रॅम्प आहे. जिवंत असल्याचा जरा उपयोग करावा म्हटलं तर कुठाय?"

उपयोग म्हणजे काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, "मला पाण्यात पाय बुडवायचेत."

झाले! घरात परिषद भरली. परिषदेला आतेभाऊ, वहिनी, दोन भाचे, मी आणि खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त इंजिनियर होते. हे गृहस्थ इमारतीतल्या प्रत्येक परिषदेला असतात, मग विषय गळक्या टाकीचा असो की मुलीच्या लग्नाचा.

"पण आई, पाण्यापर्यंत काय काम आहे?" आतेभावाने विचारले.

"एकतीस वर्षं शिकवलेला भूगोल बरोबर होता की नाही ते बघायचंय."

"अहो, पण कट्ट्यावरून दिसतोच की समुद्र," इंजिनियर म्हणाले. "लांबून दिसतोही छान!"

"लांबून तर कॅलेंडरवरचाही दिसतो."

आतेभाऊ आईवर जीव टाकणारा आहे. इंजिनियरही सज्जन आहेत. तरी 'काय काम आहे?' हा प्रश्न त्यांच्या तोंडून अगदी अलगद बाहेर पडला. त्याच इंजिनियरांना रोज सकाळी चौपाटीवर चक्कर मारायला जाताना हा प्रश्न जन्मात कुणी विचारलेला नाही, आणि विचारला तर त्यांनाही उत्तर देता येणार नाही. तब्येतीसाठी जातो म्हणतील, पण परत येताना ते वडापाव खातात हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे.

अखेर एका रविवारी मोहीम निघाली. चौपाटीचे नाव मी सांगत नाही. सांगितले तर बाकीच्या चौपाट्यांना आपण सुटलो असे वाटेल.

पहिला मुक्काम लोखंडी खांबांपाशी पडला. फिरायच्या जागेत मोटारसायकली शिरू नयेत म्हणून तोंडाशी हे खांब रोवलेले असतात. दोन खांबांमध्ये किती अंतर असावे, हे रोवणाराने बहुधा आपल्या स्वतःच्या अंगलटीवरून ठरवले असावे. आत्याची खुर्ची त्यात मावेना. आम्ही खुर्ची तिरकी करून पाहत होतो, तेवढ्यात एक तरुण मागे मैत्रिणीला बसवून मोटारसायकलवरून आला आणि पलीकडच्या तुटक्या कठड्यातून फुर्रकन आत गेला. ज्याला अडवायचे तो आत आणि जिला अडवायचे नव्हते ती बाहेर! ही तक्रार आमच्या एकट्याची नाही. पदपथांवरच्या अशाच खांबांमुळे चाकांच्या खुर्च्या अडतात, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली आपणहून दखल घेतली होती. दोन खांबांमधल्या वीतभर जागेसाठी उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागते, यावरून वितीची किंमत कळावी.

दुसरा मुक्काम पायऱ्यांशी. पायऱ्या तीनच होत्या. तीन पायऱ्या म्हणजे आपल्या लेखी काहीच नाही. बोलता बोलता उतरून जातो. पण उतरणीचे गणित निराळे असते. खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, असा साधारण नियम आहे. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट आणि तिन्हींना मिळून अठरा. पायरी बांधणारा माणूस किती दांडगी जागा वाचवतो, आणि ती कुणाच्या वाट्याची वाचवतो, हे त्या गणितात दिसते.

आणि मग वाळू! कोरड्या वाळूत कण कणाला धरून राहत नाही, वजन पडले की सगळे बाजूला सरकतात. आपले पसरट पाऊल त्यात निभावून जाते. खुर्चीची पुढची चाके असतात चहाच्या बशीएवढी. ती दोन पावलांत गपकन रुततात आणि पुढे ढकलावे तर बसलेला माणूसच पुढे येतो. गंमत अशी की पाण्याजवळची ओली वाळू टणक असते, ओहोटीच्या वेळी पोरे तिच्यावर क्रिकेट खेळतात. म्हणजे समुद्राने आपल्या बाजूने वाट करून ठेवलेली असते. अडते ते सगळे आपल्या बाजूच्या कोरड्या पट्ट्यात.

शेवटी आम्ही चौघांनी खुर्ची उचलली. दोघे पुढे, दोघे मागे, मध्ये आत्या, वर वहिनीने धरलेली छत्री. वाळूत किल्ला करत बसलेल्या एका चिमुरड्याने ही मिरवणूक पाहिली आणि खणखणीत आवाजात आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..." आसपासच्या दहा-बाराजणांनी सवयीने "मोरया!" म्हटले. सगळे हसले. आत्याही हसली.

त्या पोराने नकळत मर्मावर बोट ठेवले होते. कारण वाळूतून जड वस्तू पाण्यापर्यंत कशी न्यावी, हे मुंबईइतके जगात क्वचितच कुणाला कळत असेल. दर वर्षी अनंत चतुर्दशीला दोन-दोन मजली मूर्ती समुद्राला भेटतात. त्यांचे ट्रक आणि ट्रॉल्या रुतू नयेत म्हणून महापालिका चौपाट्यांवर पोलादी पट्ट्या अंथरते, दिवे लावते, जीवरक्षक उभे करते. देवाला कुणी विचारत नाही की, बाप्पा, पाण्यापाशी काय काम आहे? तेव्हा वाळूत वाट करता येत नाही, असे निदान आपण तरी म्हणू नये. फरक एवढाच की, गणपतीला फक्त जायचे असते, आत्याला परतही यायचे होते.

आत्याचे पाय पाण्यात बुडाले. एक लाट आली, पावलांवरून गेली. दुसरी आली. आत्या क्षितिजाकडे पाहत होती. तिसऱ्या लाटेला आतेभावाने मायेने विचारले, "झालं का, आई?"

मिनिटभराने वहिनी म्हणाल्या, "झालं का?" नंतर भाचे म्हणाले. त्यात कुणाचा काही दोष नव्हता. एकाच्या कमरेत उसण भरली होती, दुसऱ्याची गाडी 'नो पार्किंग'मध्ये होती, अंधार पडत चालला होता. आत्या म्हणाली, "हो, हो, झालं की." चौघांनी पुन्हा खुर्ची उचलली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "समुद्र छान होता. पण मी तिथे पाहुणी होते." आणि थोड्या वेळाने, "पुन्हा नको हं. तुमच्या कमरा जातील."

मला वाटते, सगळा प्रश्न या 'झालं का?'मध्ये आहे. आपल्याकडे उतरणीचा विषय निघाला की कुणीतरी उदार मनाचा माणूस म्हणतोच, "अहो, रॅम्प कशाला? आम्ही चारजण आहोत ना उचलायला!" त्याच्या मनात खोट नसते. उचलेलही बिचारा. पण उचलून नेलेल्या माणसाला काय काय करता येत नाही याची यादी पाहा. त्याला दोन मिनिटांत कंटाळा येऊन चालत नाही, कारण चौघांनी घाम गाळलेला असतो. त्याला दोन तास रमून चालत नाही, कारण चौघांना घरी जायचे असते. घरात भांडण झाले म्हणून रागाने एकट्याने चालते व्हावे, तर ते तर मुळीच जमत नाही, कारण ज्यांच्याशी भांडायचे तेच खुर्ची उचलणार! उपकाराच्या खांद्यावर बसून गेलेल्या माणसाला कंटाळण्याचा आणि रमण्याचा, दोन्ही हक्क सोडावे लागतात. उतरण मात्र कधी 'झालं का?' विचारत नाही. तिला 'थँक्यू' म्हणावे लागत नाही, तिच्या दिवाळीच्या फराळाची काळजी करावी लागत नाही. चार भल्या माणसांपेक्षा लाकडाच्या चार फळ्या कधीकधी अधिक सुसंस्कृत वागतात, असे म्हटले तर भल्या माणसांनी रागावू नये.

फळ्यांचे उदाहरण मी हवेतून काढलेले नाही. चेन्नईचा मरीना किनारा चांगला ऐसपैस आहे. रस्त्यापासून पाणी इतके लांब की, धडधाकट माणूसही मध्ये एकदा बसून घेतो. तिथे अपंगांच्या संघटना बरीच वर्षे पाठपुरावा करत होत्या. आधी डिसेंबरात, जागतिक अपंग दिनाच्या सुमारास, काही दिवसांपुरती वाट घालून देत. हे ऐकून आत्या म्हणाली होती, "म्हणजे माझा पोळाच की! एक दिवस शिंगं रंगवायची आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात." पुढे २७ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे कायमची लाकडी वाट खुली झाली. लांबी २६३ मीटर, रुंदी ३ मीटर, खर्च एक कोटी रुपयांहून थोडा अधिक. आणि उद्घाटनाला दोन आठवडेही झाले नव्हते तोच, ९ डिसेंबरच्या रात्री 'मांदूस' चक्रीवादळ आले आणि समुद्राकडचा भाग उखडून गेला.

आमच्या इंजिनियरांना ही बातमी फार आवडली. "बघा! सांगत होतो मी. समुद्रापुढे टिकतं का काही?"

नसेल टिकत. पण आपल्या शहरातले रस्ते दर पावसाळ्यात वाहून जातात, म्हणून 'आता रस्तेच नकोत, लोकांना चौघांनी उचलून न्यावे' असे म्हणणारा कुणी अजून निघालेला नाही. मरीनावरची वाट दुरुस्त करून पुन्हा सुरू केली. मोडलेली वस्तू दुरुस्त करणे म्हणजेच ती आपल्याला खरोखर हवी असणे. नको असलेल्या वस्तूच मोडल्याबरोबर सिद्धांत होतात.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा. "पण येतात किती असले लोक? आमच्या किनाऱ्यावर तर खुर्चीवाला माणूस मी कधी पाहिला नाही." बरोबर आहे. ज्या बिऱ्हाडात नळच नाही तिथे पाण्याचे बिल येत नाही. त्यावरून त्या घरात कुणाला तहान लागत नाही असे समजायचे का? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यात सांधे धरलेल्या आत्या, मोतीबिंदू झालेले काका आणि बाबागाडी ढकलणाऱ्या तरुण आया मोजलेल्याच नाहीत. कुठेही उतरण करून बघा, तिच्यावरून आधी जाते ती बाबागाडी, मग सामानाची ट्रॉली आणि मग दहा पायऱ्या सोडून मुद्दाम तिकडे वळणारे तुम्ही-आम्ही.

तिसरा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. पैसा थोडा, गरजा फार. आधी इस्पितळे, शाळा, स्टेशने, मतदान केंद्रे सोयीची करा, मग समुद्राचे बघू. यात चूक काढणे कठीण आहे. पण रांग असेल तर ती सगळ्यांना हवी. आपण किनाऱ्यावर जॉगिंग ट्रॅक केले, रंगीत कारंजी उडवली, 'आय लव्ह अमुकगाव' अशी पुरुषभर उंचीची दिव्यांची अक्षरे उभारली. तेव्हा 'आधी इस्पितळ' असे कुणी म्हटले नाही. रांगेची आठवण नेमकी खुर्ची दिसल्यावरच का होते? मला वाटते, खुर्चीतल्या माणसाकडे आपण गरज म्हणून पाहतो. त्याला औषध द्यावे, पेन्शन द्यावी, मत द्यायला न्यावे, हे आपल्याला पटते. त्याला नुसती हौस असू शकते, हे आपल्या मनाला पटकन सुचत नाही. कायद्याला ते सुचले आहे, ही नवलाची गोष्ट. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ मध्ये झाला, त्याच्या २९ व्या कलमात इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत भाग घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, ते बंधनकारकच हवेत. कायद्याची भाषा एरवी इतकी रुक्ष असते की, तिला समुद्राचा वारा लागला असेल असे वाटत नाही. पण 'काय काम आहे?' हा प्रश्न तिने विचारलेला नाही.

ग्रीसमध्ये तर त्यापुढची मजल आहे. तिथल्या पुष्कळ किनाऱ्यांवर पाण्यात उतरणारे रूळ घातलेले असतात. सूर्याच्या उन्हावर चालणारी खुर्ची त्यांवरून माणसाला थेट पाण्यात नेते आणि बटण दाबले की परत आणते. बटण बसणाऱ्याच्या हातात! किती वेळ बुडायचे ते त्याचे त्याने ठरवायचे. ऊन तर आपल्याकडे ग्रीसपेक्षा काकणभर जास्तच पडते.

या विषयावर भाषणे करणारी मंडळी शेवटी हटकून एक बाण काढतात: "लक्षात ठेवा, उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल!" हा युक्तिवाद खरा असला तरी मला तो विमा एजंटाचा वाटतो. उद्या माझा खुबा मोडेल म्हणून आज मी आत्याला वाट द्यायची, यात आत्या कुठे आली? समजा ज्योतिषाने मला लिहून दिले की, तुम्ही शंभरीपर्यंत जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढाल, तर मग काय मी उतरणीला विरोध करू? समुद्र सार्वजनिक आहे. त्याचे भाडे मी भरत नाही, त्याचा सातबारा माझ्या नावावर नाही. तिथे जाण्याचे कारण मला विचारले जात नाही, तर ते दुसऱ्यालाही विचारले जाऊ नये, एवढे सरळ कारण पुरेसे आहे.

हल्ली कुठे चाकाची खुर्ची लाटांपर्यंत पोचली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. खाली 'स्वप्न साकार', 'जिद्दीला सलाम' असे काहीतरी छापलेले असते. फोटो पाहून बरे वाटते, नाही असे नाही. पण मी वाट पाहतो आहे ती हा फोटो छापणे संपादकांना कंटाळवाणे वाटू लागेल त्या दिवसाची. त्या दिवशी कुणी एक बाई संध्याकाळी आपली खुर्ची आपल्या हातांनी फिरवत घरी परतेल. चाकांना ओली वाळू चिकटलेली असेल. लिफ्टपाशी शेजारी विचारतील, "काय, कुठं दौरा?"

"चौपाटीवर."

"काही विशेष?"

"छे हो, सहज!"

आणि शेजारी "बरं, बरं" म्हणून आपल्या कामाला लागतील.